तामडा, लोहाचे ऑक्साइड आणि ताप : चुंबकीय उष्मोपचाराच्या इतिहासातील पुणे

प्रस्तावना

पुणे शहराच्या आधुनिक इतिहासाचे लेखन सामाजिक सुधारणा, राजकीय चळवळी आणि शिक्षणसंस्था या तीन अंगांनी विपुल झालेले आहे. शहरातील प्रयोगशाळांचा इतिहास मात्र संस्थांच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या स्मरणिकांपलीकडे क्वचितच गेला. स्मरणिकेत संचालकांची छायाचित्रे असतात, कोनशिलेचा मजकूर असतो. परंतु कोणता प्रश्न कोणाला केव्हा पडला आणि त्या प्रश्नाचे पुढे काय झाले, याचा शोध त्यात लागत नाही. प्रस्तुत निबंधात अशाच एका प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. चुंबकीय ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म कण शरीरातील गाठीत पोहोचवावेत, बाहेरून दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र लावावे, त्या कणांत उष्णता निर्माण व्हावी आणि कर्करोगाच्या पेशी मराव्यात, ही कल्पना आज भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विभागांत चांगलीच परिचित आहे. गार्नेट, फेराइट व मँगनाइट या तीन कुळांतील ऑक्साइडांत अन्य धातूंचे अणू मिसळून असे कण तयार करण्याचे काम महाराष्ट्रातील अनेक विभागांत झाले आहे. या कामाची पाळेमुळे बहुधा १९९० नंतरच्या 'नॅनो' लाटेत शोधली जातात. ती त्याहून बरीच जुनी आहेत आणि त्यांपैकी एक पाळ पाषाणच्या माळावर रुजलेले आहे.

पाषाण येथील घनावस्था-संशोधन

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. पहिले संचालक जेम्स मॅकबेन यांच्यानंतर १९५२ मध्ये जॉर्ज इंगल फिंच हे संचालकपदी आले. फिंच यांचे नाव गिर्यारोहणाच्या इतिहासात अधिक ठळकपणे घेतले जाते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूच्या नळकांड्यांचा पुरस्कार करून त्यांनी जेफ्री ब्रूस यांच्यासह सुमारे २७,३०० फुटांची उंची गाठली होती. तोपर्यंत एवढ्या उंचीवर कोणीही चढलेले नव्हते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात मात्र त्यांची ख्याती इलेक्ट्रॉन-विवर्तनाचे जाणकार म्हणून होती. इलेक्ट्रॉनांचा झोत पदार्थाच्या पातळ थरावर सोडून, उमटणाऱ्या वर्तुळांवरून त्यातील अणूंची मांडणी ओळखण्याचे हे तंत्र त्यांनी पुण्यात आणले. प्रशासक म्हणून आलेला मनुष्य स्वतः प्रयोग करीत राहिला, ही गोष्ट पुढील काळातील संचालकपदांचा अनुभव पाहता नोंद घेण्यासारखी आहे.

फिंच यांच्याभोवती जमलेल्या तरुण संशोधकांत अखौरी पूर्णेंदु भूषण सिन्हा आणि कृत्युंजय प्रसाद सिन्हा ही दोन नावे महत्त्वाची आहेत. आडनाव एकच असल्याने उत्तरकालीन उल्लेखांत या दोघांची गल्लत होते. पहिले घनावस्था-रसायनाचे अभ्यासक. पुढे ते याच प्रयोगशाळेत भौतिक रसायन विभागाचे प्रमुख झाले आणि १९७२ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. दुसरे सैद्धांतिक भौतिकीकडे वळले. १९५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवाहीत फिंच आणि कृ. प्र. सिन्हा यांचा अल्फा फेरिक ऑक्साइडचे गॅमा फेरिक ऑक्साइडमध्ये होणारे रूपांतर हा विषय असलेला निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्याच कार्यवाहीत फिंच व दोन्ही सिन्हा यांचा फेराइट-मँगनाइटांतील स्फटिक-विकृतीवरील निबंध आला. याशिवाय अ. पू. भू. सिन्हा यांनी सनजाना व बिस्वास यांच्यासमवेत काही मँगनाइटांच्या रचनेविषयीचा निबंध 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका' या नियतकालिकात १९५७ मध्येच प्रसिद्ध केला.

अल्फा आणि गॅमा या दोन्ही रूपांत लोह व ऑक्सिजन यांचे प्रमाण एकच असते. तरी अल्फा रूप म्हणजे हेमॅटाइट हे व्यवहारात जवळजवळ अचुंबकीय, तर गॅमा रूप म्हणजे मॅग्हेमाइट हे चांगले चुंबकीय असते. गॅमा रूप तापविले की अल्फा होते, हे सर्वपरिचित आहे. पुण्याच्या निबंधाचा विषय होता उलट दिशेचा प्रवास. अणूंच्या थरांची मांडणी बदलली की चुंबकत्व बदलते, हे त्या काळी केवळ कुतूहल नव्हते. ध्वनिमुद्रणाच्या फितींवर मॅग्हेमाइटचाच लेप असे आणि गणकयंत्रांच्या स्मृतीसाठी फेराइटची कडी वापरली जात. म्हणजे चुंबकीय ऑक्साइडे ही त्या दशकातील इलेक्ट्रॉनिक उद्योगाची सामग्री होती. औषधाशी त्यांचा संबंध जोडण्याचे कोणाला कारण नव्हते. निदान पुण्यात नव्हते.

१९५७ : तीन टेबले

अमेरिकेत मात्र त्याच वर्षी तो संबंध जोडला गेला. आर. के. गिलख्रिस्ट आणि त्यांचे सहकारी शल्यचिकित्सक होते. आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना मूळ गाठ काढता येते, परंतु लसीका-ग्रंथींत पसरलेल्या पेशी मागे राहतात, ही त्यांची अडचण होती. लसीका-वाहिन्यांतून सूक्ष्म कण आपोआप ग्रंथींत जाऊन साचतात. तेव्हा तेच कण तापविले तर ग्रंथी आतून तापेल, असा त्यांचा तर्क. 'अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी' मधील त्यांच्या निबंधात २० ते १०० नॅनोमीटर आकाराचे मॅग्हेमाइटचे कण आणि १.२ मेगाहर्ट्झ वारंवारितेचे चुंबकीय क्षेत्र यांचा उपयोग वर्णिलेला आहे. पाषाणला ज्या पदार्थाची स्फटिकरचना तपासली जात होती, तोच पदार्थ त्याच वर्षी अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या हाती औषधाच्या भूमिकेत होता.

तिसरे टेबल स्फटिकशास्त्रज्ञांचे. १९५६ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे बेर्तो व फोरा यांनी इट्रियम आणि लोह यांचे गार्नेट प्रथम वर्णिले. लुई नील यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या फेरिचुंबकत्वाच्या सिद्धांताचा ग्रेनोबल हा गड होता. नील यांना पुढे १९७० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९५७ मध्ये बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील गेलर व गिलिओ यांनी या गार्नेटांची रचना व चुंबकत्व 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका' मध्येच विशद केले. सिन्हा, सनजाना व बिस्वास यांचा मँगनाइटांवरील निबंध आणि गार्नेटांचा हा मूलभूत निबंध एकाच वर्षीच्या एकाच नियतकालिकात आहेत. पुण्याच्या ग्रंथालयात तो अंक आला, तेव्हा दोन्ही निबंध एकाच बांधणीत शेजारी राहिले असणार. गिलख्रिस्ट यांचा निबंध ज्या नियतकालिकात होता, ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या कपाटातले. बी. जे. मेडिकल कॉलेज आणि पाषाण यांतील अंतर दहा किलोमीटरांच्या आतबाहेरचे आहे; ज्ञानशाखांमधील अंतर त्याहून पुष्कळ अधिक होते. तथापि यात पुण्याचे काही विशेष न्यून शोधण्याचे कारण नाही. गिलख्रिस्ट यांच्या कल्पनेकडे त्यांच्या स्वतःच्या देशातही पुढील दोन दशके फारसे कोणी वळले नाही.

तामड्याची घडण

गार्नेट म्हणजे आपल्याकडील रत्नपारख्यांचा तामडा. नैसर्गिक तामड्यात सिलिकॉन असते. चुंबकीय गार्नेटात त्याच्या जागी लोह असते. रचनेचा साचा मात्र तोच राहतो. या साच्याच्या एका घनाकृती एकक-कोशिकेत १६० अणू असतात आणि धातूंच्या अणूंसाठी तीन प्रकारची घरे असतात. सर्वांत प्रशस्त घर इट्रियमचे. लोहाच्या पाच अणूंपैकी तीन अणू चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या घरांत आणि दोन अणू सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या घरांत बसतात. या दोन गटांची चुंबकीय दिशा परस्परविरुद्ध असते. तीन वजा दोन, म्हणजे एका लोह-अणूएवढे चुंबकत्व शिल्लक उरते. नील यांच्या सिद्धांताचा याहून स्वच्छ नमुना क्वचितच मिळेल.

या वजाबाकीमुळे गार्नेटाचे चुंबकत्व फेराइटांपेक्षा कमीच भरते. सामान्य तापमानाला मॅग्नेटाइटचे संतृप्त चुंबकन दर ग्रॅमला सुमारे ९२ एकके असते. इट्रियम लोह गार्नेटाचे त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही थोडे कमी असते. मग उष्मोपचारासाठी गार्नेटाकडे वळावे कशासाठी? याचे उत्तर क्यूरी तापमानात आहे. या तापमानाच्या वर पदार्थाचे चुंबकत्व लोपते आणि चुंबकत्व लोपले की बाह्य क्षेत्रामुळे होणारे तापणेही जवळपास थांबते. उष्मोपचारात गाठ साधारण ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाची असते. त्यापुढे गेल्यास निरोगी ऊती भाजतात. गाठीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत तापमापक खुपसणे शक्य नसते. म्हणून पदार्थाचे क्यूरी तापमानच या मर्यादेच्या किंचित वर आणून ठेवले, तर कण स्वतःच आपला ताप आवरतील. स्वयंपाकघरातील इस्त्रीच्या किंवा गीझरच्या थर्मोस्टॅटचे काम येथे प्रत्येक कण करतो.

शुद्ध इट्रियम लोह गार्नेटाचे क्यूरी तापमान सुमारे ५६० केल्विन, म्हणजे २८७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते खाली आणण्यासाठी अन्य धातू मिसळावे लागतात. येथे कोणता धातू कोणत्या घरात जातो, यावर सारे अवलंबून असते. इट्रियमच्या जागी गॅडोलिनियम घातले तर एकूण चुंबकत्व बदलते, परंतु क्यूरी तापमान जवळजवळ हलत नाही; कारण ते लोह-लोह बंधांवर ठरते आणि त्या बंधांना धक्का लागलेला नसतो. लोहाच्या जागी अ‍ॅल्युमिनियम घातले तर ते मुख्यतः चार ऑक्सिजनांच्या घरात शिरते, लोह-लोह बंध तुटतात आणि क्यूरी तापमान उतरते. पण हेच घर बहुसंख्य गटाचे असल्याने आधीच तुटपुंजे असलेले चुंबकत्व आणखी घटते. सुरक्षितता हवी तर उष्णता गमवावी लागते. मिश्रित गार्नेटांवरील साऱ्या संशोधनाचा पेच येथे आहे आणि तो केवळ अधिक नमुने तयार करून सुटणारा नाही.

फ्रान्समधील ग्रासे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अ‍ॅल्युमिनियम-मिश्रित इट्रियम लोह गार्नेटांचे संश्लेषण, चुंबकत्व, पृष्ठभागावरील प्रक्रिया व पेशींवरील विषारीपणा यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. चार बाबी एकाच निबंधात आल्या, हे त्या निबंधाचे वैशिष्ट्य. संश्लेषणाच्या बाजूनेही गार्नेट हट्टी असते. ऑक्साइडांची पूड मिसळून भाजण्याच्या जुन्या पद्धतीत १३०० अंशांच्या पुढे जावे लागते आणि कण जाड होतात. मध्ये इट्रियम ऑर्थोफेराइट ही अनाहूत अवस्था तयार होऊन राहते. सायट्रिक आम्लाच्या साहाय्याने केलेल्या सोल-जेल पद्धतीत धातूंचे आयन आधीच अणूंच्या पातळीवर मिसळलेले असल्याने ७०० ते ८०० अंशांच्या सुमारास गार्नेट मिळते आणि कण अब्जांश आकाराचे राहतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत ही पद्धत लोकप्रिय झाली ती तिच्या स्वस्ताईमुळे : काचपात्र, चुंबकीय ढवळणी आणि भट्टी एवढ्यावर ती भागते.

महाराष्ट्रातील प्रवाह

१९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फेराइट हा विषय स्थिरावला आणि तेथून पदवी घेतलेल्या अध्यापकांनी तो दक्षिण महाराष्ट्रातील महाविद्यालयांत नेला. मराठवाड्यातही पुढे हेच घडले. एखादा विषय एखाद्या प्रदेशात का रुजतो, याचे उत्तर पुष्कळदा विषयाच्या महत्त्वात नसून मार्गदर्शक कोण होते व भट्टी कोणती होती यात असते. पुण्यापुरते बोलायचे तर विद्याधर गोविंद भिडे यांचा उल्लेख आवश्यक आहे. लोहाचा अणू कोणत्या घरात बसला आहे हे सांगणाऱ्या मॉसबाउअर वर्णपटविज्ञानाची भारतातील परंपरा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत घडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता; त्या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९७३ मध्ये निघाला आणि पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गार्नेटातील मिश्र धातू नेमका कोठे गेला, हा वर वर्णिलेला प्रश्न याच तंत्राने सोडविता येतो.

उष्मोपचाराकडे हा प्रवाह वळण्यापूर्वी युरोपात बरेच काही घडले होते. बर्लिनमधील आंद्रेयास योर्डान यांच्या गटाने १९९३ मध्ये घन कणांपेक्षा द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म कण अधिक चांगले तापतात हे दाखवून विषयाला नवी दिशा दिली. २००२ मध्ये रोझेन्स्वाइग यांनी अशा द्रवाच्या तापण्याचे गणित मांडले. २०११ मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय चाचणीत मेंदूतील पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या ५९ रुग्णांवर लोह-ऑक्साइडचे कण, १०० किलोहर्ट्झचे क्षेत्र आणि किरणोपचार यांचा एकत्र प्रयोग केलेला होता. त्यांत पदार्थ कोणता होता? ना गार्नेट, ना मिश्रित फेराइट. साधे लोह-ऑक्साइडच, गिलख्रिस्ट यांच्या पदार्थाचे जवळचे भावंड. मानवी शरीर लोह पचवू शकते, इट्रियम किंवा गॅडोलिनियम नाही, हे त्यामागील एक मोठे कारण होय.

मुंबईत भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील धीरेंद्र बहादूर व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मॅग्नेटाइट, मँगनीज फेराइट व कोबाल्ट फेराइट यांच्या चुंबकीय द्रवांची तापण्याची क्षमता आणि पेशींशी असलेली अनुकूलता यांची तुलना प्रसिद्ध केली. कोल्हापूरला शिवाजीराव पवार यांच्यासमवेत काम करणाऱ्या खोत, साळुंखे, थोरात आदी संशोधकांनी २०१३ मध्ये डेक्स्ट्रानचे आवरण दिलेल्या मॅग्नेशियम फेराइटच्या कणांची प्रत्यक्ष तापमान-मापने दिली. रुग्णालयात, मात्र कणांविना, उष्मोपचार मुंबईत अगोदरपासून होता : नानावटी रुग्णालयातील नागराज हुईलगोळ यांनी डोके व मानेच्या कर्करोगात किरणोपचाराच्या जोडीला रेडिओ-लहरींचा उष्मोपचार देऊन केलेल्या चाचणीचा वृत्तांत २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

पुण्यात हा धागा पकडला तो आघारकर संशोधन संस्थेने. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून स्थापन झालेल्या आणि १९९२ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेत किशोर पाकणीकर यांच्या गटाने लँथॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटचे कण निवडले. २०१५ मध्ये या कणांचा कर्करोग-उपचारातील उपयोग आणि २०१६ मध्ये डॉक्सोरुबिसिन हे औषध भरलेल्या कणांचे रेडिओ-वारंवारितेने तापणे व त्यातून औषध सुटणे, असे दोन निबंध आले; दुसऱ्याचा संदर्भ स्तनाच्या कर्करोगाचा होता. मँगनाइट का, याचे उत्तर गार्नेटाच्या उत्तराशी जुळते. स्ट्रॉन्शियमचे प्रमाण दहात तीन असताना याचे क्यूरी तापमान ३७० केल्विनच्या आसपास असते. प्रमाण कमी केले की ते शरीराच्या तापमानाकडे सरकते. स्ट्रॉन्शियम शिरले की काही मँगनीज आयन तीन-धनभारित अवस्थेतून चार-धनभारित अवस्थेत जातात आणि त्यावर चुंबकत्व ठरते. तीन-धनभारित मँगनीज स्फटिकाला ताणून विकृत करतो, हा तर १९५७ च्या पाषाण-निबंधांचा मध्यवर्ती विषय होता.

यावरून पाषाणचे काम हे आघारकर संस्थेतील कामाचे पूर्वज होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. स्फटिकाचे कूळ वेगळे (तेथे स्पिनेल, येथे पेरोव्हस्काइट), मधली साठ वर्षे वेगळी, आणि विचारणारे लोकही वेगळे. स्मरणिकांना असे सलग वारसे आवडतात. येथे दिसतो तो एकाच शहरात एकाच आयनाशी दोनदा झालेला परिचय. दुसऱ्या वेळी जीवशास्त्रज्ञ खोलीत होते, पहिल्या वेळी नव्हते.

मापनाचा प्रश्न

जीवशास्त्रज्ञ खोलीत असणे किंवा नसणे, याचा परिणाम निबंधांच्या शेवटच्या परिच्छेदात दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत अध्यापकांच्या प्रगतीला प्रसिद्ध निबंधांचे गुण जोडले. त्यानंतर मिश्रित गार्नेट व फेराइटांवरील निबंधांत एक ठराविक बांधणी रूढ झाली : क्ष-किरण विवर्तन, सूक्ष्मदर्शकाचे चित्र, चुंबकनाचा वलय-आलेख आणि अखेरीस हे कण उष्मोपचारासाठी उपयुक्त ठरतील असे वाक्य. शीर्षकात उष्मोपचार आणि निबंधात एकही तापमान नाही, अशीही उदाहरणे आढळतात. यात अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. प्रवर्तन-तापकाची सोय महाविद्यालयात नसते, कंपन-चुंबकमापीही दुसऱ्या संस्थेत पैसे भरून वापरावा लागतो आणि विद्यार्थ्याची मुदत संपत आलेली असते. पण वलय-आलेखावरून कण शरीरात किती तापेल हे कळत नाही. त्यासाठी दर ग्रॅममागे किती वॅट उष्णता निघते हे मोजावे लागते आणि कोणत्या क्षेत्रात व कोणत्या वारंवारितेला मोजले, हेही सांगावे लागते.

हा शेवटचा तपशील गाळला तर आकड्याला अर्थ राहत नाही. क्षेत्र आणि वारंवारिता वाढवीत नेली की कोणताही कण तापतो. परंतु त्याच क्षेत्रात शरीरात आवर्त प्रवाह निर्माण होऊन निरोगी भागही तापतो. ब्रेझोविच यांनी १९८८ मध्ये माणसाला सोसवेल अशी मर्यादा घातली : क्षेत्र आणि वारंवारिता यांचा गुणाकार, अँपिअर प्रतिमीटर व हर्ट्झ या एककांत, ४.८५ गुणिले दहाचा आठवा घात यापुढे जाऊ नये. म्हणजे १०० किलोहर्ट्झला क्षेत्र ४,८५० अँपिअर प्रतिमीटरच्या आत हवे. शरीराचा लहान भागच क्षेत्रात असेल तर याहून दहापट मोकळीक चालेल, असे पुढे सुचविले गेले. अ‍ॅल्युमिनियममुळे चुंबकत्व घटलेले गार्नेट या चौकटीत किती तापते, हे मोजल्यावाचून त्याची आणि साध्या मॅग्नेटाइटची तुलना होऊ शकत नाही. गिलख्रिस्ट यांच्यापाशी नॅनो हा शब्द नव्हता, इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाची रंगीत चित्रे नव्हती, सिद्धांतही नव्हता. त्यांच्या निबंधात कणांचा आकार होता, वारंवारिता होती आणि ऊतीचे तापमान किती वाढले याची नोंद होती.